गाठीचा नकाशा आयात करता येत नाही

कर्करोगावरील इम्युनोथेरपीची बातमी भारतीय वाचकापर्यंत पोहोचते, तोवर तिच्यातील छेद गळून पडलेला असतो. अंश तेवढा उरतो. जून २०२२ मध्ये हेच घडले. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कॅन्सर सेंटरमध्ये गुदाशयाच्या कर्करोगाच्या बारा रुग्णांना डोस्टारलिमॅब हे औषध सहा महिने दिले गेले आणि बाराही जणांची गाठ तपासणीत दिसेनाशी झाली. ना शस्त्रक्रिया, ना रेडिएशन, ना केमोथेरपी. बातमी खरी होती. तिच्यावर चढलेले ‘चमत्कार’ आणि ‘रामबाण’ हे शब्द मात्र खरे नव्हते. हे बारा जण कोणत्या शंभर रुग्णांतून निवडले होते, हा एकच प्रश्न विचारायचा होता, आणि तो बहुतेक ठिकाणी विचारला गेला नाही.

उत्तर शोधनिबंधातच होते. या सर्व रुग्णांच्या गाठींत ‘मिसमॅच रिपेअर’ ही डीएनए-दुरुस्तीची यंत्रणा बंद पडलेली होती. गुदाशयाच्या कर्करोगात असे रुग्ण शंभरात पाच ते दहा असतात. म्हणजे उरलेल्या नव्वद-पंचाण्णवांबद्दल हा प्रयोग काहीही सांगत नव्हता. शिवाय बारापैकी बारा या निकालाचा ९५ टक्के विश्वासमर्यादेचा पट्टा संशोधकांनी स्वतः ७४ ते १०० टक्के असा दिला होता. पुढे, २०२५ पर्यंत, याच गटाने अशा ४९ रुग्णांवर उपचार पूर्ण केले आणि ४९ही जणांत गाठ नाहीशी झाली. त्यामुळे निष्कर्ष अधिक भक्कम झाला. पण तो भक्कम झाला त्या पाच-दहा टक्क्यांपुरता. चंदीगडच्या किंवा परळच्या बाह्यरुग्ण विभागात भ्रमणध्वनीवरची बातमी दाखवून ‘हे औषध आम्हाला का नाही?’ असे विचारणाऱ्या कुटुंबाला हा छेद कोणी सांगितलेला नसतो. तो सांगण्याचे काम मग डॉक्टरला करावे लागते, आणि त्या क्षणी ते निर्दयपणासारखे दिसते.

ही केवळ पत्रकारितेची तक्रार नाही. छेद गाळण्याची सवय बातमीतून धोरणात आणि धोरणातून प्रयोगशाळेत उतरते. भारताने इम्युनोथेरपीकडे ‘महागडे परदेशी औषध’ म्हणून पाहिले आणि सगळी चर्चा किमतीभोवती फिरवली. औषध कोणाला लागू पडेल हे ठरवणारी मोजणी मात्र या चर्चेच्या बाहेर राहिली. ही मोजणी औषधाइतकीच, किंबहुना औषधाच्या आधी लागते. आणि ती परदेशातून मागवता येत नाही.

आधी विज्ञान नीट समजून घ्यावे लागेल.

पेशी विभागताना डीएनएची नक्कल होते आणि नकलेत चुका होतात. एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६ आणि पीएमएस२ ही चार प्रथिने त्या चुका शोधून दुरुस्त करण्याच्या कामात असतात. त्यांतील एखादे निकामी झाले की चुका साचत जातात. २०१५ मध्ये डंग ली यांच्या गटाने न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये दिलेले आकडे बोलके आहेत: दुरुस्ती बंद असलेल्या गाठीत सरासरी १७८२ उत्परिवर्तने, दुरुस्ती चालू असलेल्या गाठीत ७३. प्रत्येक उत्परिवर्तन म्हणजे शरीराला अनोळखी अशा प्रथिनाचा एक संभाव्य तुकडा. तुकडे जितके अनोळखी, तितकी टी-पेशींना ती गाठ परकी म्हणून ओळखण्याची संधी अधिक. अशा गाठीत टी-पेशी आधीच शिरलेल्या असतात, पण पीडी-१ नावाच्या रोधकामुळे थबकलेल्या असतात. औषध तो रोधक सैल करते. त्याच प्रयोगात पेम्ब्रोलिझुमॅब दिल्यावर दुरुस्ती बंद असलेल्या मोठ्या आतड्याच्या दहा रुग्णांपैकी चौघांनी प्रतिसाद दिला. दुरुस्ती चालू असलेल्या अठरांपैकी एकानेही नाही. अठरापैकी शून्य हा आकडाही बातमीत यायला हवा होता. पसरलेल्या अवस्थेतील मोठ्या आतड्याच्या कर्करोगात सुमारे ९५ टक्के रुग्ण या दुसऱ्या गटात मोडतात.

येथे मराठी वाचकाच्या मनात रुजलेल्या एका शब्दप्रयोगाला हात घालणे भाग आहे: ‘रोगप्रतिकारशक्ती वाढवणे’. काढ्याच्या जाहिरातीपासून इम्युनोथेरपीच्या बातमीपर्यंत हाच शब्दप्रयोग सर्वत्र भेटतो आणि दोन्हीकडे तो दिशाभूल करतो. प्रतिकार म्हणजे टाकीतले पाणी नव्हे, की ज्याची पातळी वर-खाली व्हावी. तो परस्परांना उत्तेजन देणाऱ्या आणि परस्परांना आवरणाऱ्या पेशींचा व्यवहार आहे. नोबेल समितीनेही हे दोन्ही पैलू स्वतंत्रपणे गौरवले: २०१८ मध्ये जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना रोधक काढण्याच्या शोधासाठी, तर २०२५ मध्ये मेरी ब्रंको, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना रोधक लावणाऱ्या नियामक टी-पेशींसंबंधीच्या शोधासाठी. या नियामक पेशी नसतील तर शरीर स्वतःवरच उलटते. पण गाठीत त्या दाटल्या तर हल्लेखोर पेशी थंडावतात.

आणि तेवढ्यानेही हिशेब संपत नाही. आतड्याच्या गाठीतील नियामक पेशी एकाच जातीच्या नाहीत. अलेक्झांडर रुडेन्स्की यांच्या गटाने २०२५ मध्ये मुख्यतः उंदरांवरील कामातून दाखवले की त्यांतील आयएल-१० हे रसायन स्रवणाऱ्या पेशी गाठीची वाढ आवरतात, तर ते न स्रवणाऱ्या तिला हातभार लावतात. नाव एक, काम उलट. मग ‘शक्ती वाढवा’ म्हणजे नेमके कोणाची वाढवा?

टी-पेशींच्या वाटेत इतरही अडथळे असतात. एसपीपी१ हे जनुक ठळकपणे व्यक्त करणारे मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशी, आणि तंतुजनक पेशी एकत्र येऊन गाठीभोवती जणू कुंपण घालतात. टी-पेशी काठावरच अडकतात. टीजीएफ-बीटा या संदेशामुळेही असेच घडते, हे बार्सिलोनातील एदुआर्द बाट्ले यांच्या गटाने २०१८ मध्ये उंदरांत दाखवले. यकृतात पसरलेल्या रोगाचा प्रश्न तर वेगळाच आहे. मिशिगन विद्यापीठातील वेइपिंग झू यांच्या गटाने २०२१ मध्ये उंदरांच्या प्रतिमानातून दाखवले की यकृतातील गाठी सक्रिय टी-पेशींना रक्तातून ओढून घेतात आणि तेथील मॅक्रोफेज त्यांना मृत्यूकडे ढकलतात. परिणाम यकृतापुरता राहत नाही; संपूर्ण शरीरातील सैन्य घटते.

म्हणून प्रश्न केवळ ‘किती टी-पेशी?’ हा नाही. ‘कोणत्या, कुठे आणि कोणाच्या शेजारी?’ हा खरा प्रश्न आहे. करिन पेल्का, निर हाकोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये ६२ रुग्णांच्या गाठींतील ३ लाख ७० हजारांहून अधिक पेशी एकेक करून तपासल्या. दुरुस्ती बंद असलेल्या गाठींत त्यांना सीएक्ससीएल१३ व्यक्त करणाऱ्या टी-पेशी आणि त्यांना बोलावणाऱ्या पेशी यांचे एकत्र वसलेले अड्डे सापडले. गाठ वाटून तिची सरासरी काढली असती तर हे अड्डे कधीच दिसले नसते. सरासरी तापमानावरून वादळ ओळखता येत नाही, तसेच हे.

या नकाशातून दोन आश्चर्ये निघाली आणि दोन्ही शंभर टक्के व्यावहारिक महत्त्वाची आहेत. पहिले ॲम्स्टरडॅमचे. नेदरलँड्स कॅन्सर इन्स्टिट्यूटमधील मिरियम शलाबी यांच्या गटाने, रोग पसरण्यापूर्वी आणि शस्त्रक्रियेच्या आधी, दोन प्रतिकार-औषधे थोड्या काळासाठी दिली. दुरुस्ती बंद असलेल्या २० पैकी २० गाठींनी प्रतिसाद दिला, हे अपेक्षित. पण दुरुस्ती चालू असलेल्या १५ पैकी ४ गाठींनीही प्रतिसाद दिला, हे अपेक्षित नव्हते. प्रतिसाद देणाऱ्या या गाठींची खूण काय होती? त्यांत सीडी८ आणि पीडी-१ ही दोन्ही चिन्हे धारण करणाऱ्या टी-पेशी आधीच शिरलेल्या होत्या. म्हणजे ज्या ९५ टक्क्यांना ‘थंड गाठ’ असा शिक्का मारून बाजूला ठेवले जाते, ते सगळे एकसारखे नाहीत.

दुसरे आश्चर्य सिद्धांताला धक्का देणारे आहे. सीडी८ टी-पेशी शत्रूला ओळखतात त्या एचएलए रेणूंच्या मदतीने. काही गाठी बी२एम हे जनुक गमावून हे रेणूच पृष्ठभागावरून नाहीसे करतात. अशा गाठींवर औषध चालू नये. पण दुरुस्ती बंद असलेल्या आतड्याच्या कर्करोगात ते चालते. नोएल डी मिरांडा आणि एमिल फूस्ट यांच्या गटांनी २०२३ मध्ये नेचरमध्ये कारण दाखवले: तेथे गॅमा-डेल्टा टी-पेशी पुढे सरसावतात, ज्यांना एचएलएची गरज भासत नाही. पाठ्यपुस्तकात एका परिच्छेदात आटोपलेल्या पेशी रुग्णाचे प्राण वाचवत होत्या. त्या दिसल्या, कारण कोणीतरी त्या मोजल्या.

आता भारताकडे येऊ. ‘जीवशास्त्र सर्वत्र सारखेच, युरोप-अमेरिकेची आकडेवारी वापरली तर बिघडले कुठे?’ असा युक्तिवाद नेहमी होतो. त्यातला पहिला भाग खरा आहे, दुसरा खोटा. भौतिकशास्त्राच्या पहिल्या वर्षातला विद्यार्थीही जाणतो की समीकरण तेच असले तरी सीमाशर्ती बदलल्या की उत्तर बदलते. टी-पेशीचे समीकरण न्यूयॉर्कमध्ये आणि नागपुरात एकच असेल. रुग्णांचे मिश्रण एक नाही.

याचा पुरावा जपान आणि उत्तर अमेरिकेतल्या दोन चाचण्यांनी देऊन ठेवला आहे. रेगोराफेनिब आणि निवोलुमॅब या जोडीने २०२० मध्ये जपानमधील छोट्या चाचणीत आतड्याच्या कर्करोगाच्या २५ रुग्णांपैकी ३६ टक्क्यांच्या गाठी आकुंचन पावल्या, आणि जवळजवळ सगळे रुग्ण दुरुस्ती चालू असलेल्या, म्हणजे ‘अशक्य’ गटातले होते. जगभर आशा पसरली. मग उत्तर अमेरिकेत ७० रुग्णांवर तीच जोडी वापरली गेली. प्रतिसाद ७ टक्के. ७० पैकी पाच. त्या पाचही जणांच्या यकृतात रोग नव्हता. ज्या ४७ जणांच्या यकृतात तो होता, त्यांतील एकानेही प्रतिसाद दिला नाही. औषधे तीच आणि निकालात पाचपट अंतर. फरकाची कारणे एकाहून अधिक असतील, पण धडा स्वच्छ आहे: रुग्णांचे मिश्रण ठाऊक नसेल तर दुसऱ्याच्या टक्केवारीवर उपचाराचे आश्वासन देता येत नाही.

भारतीय मिश्रण वेगळे आहे, हे ठामपणे सांगण्याइतके पुरावे आहेत. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधील शल्यविशारदांनी २०१७ मध्ये आतड्याच्या कर्करोगाच्या ८०० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांचे सरासरी वय ४७ च्या आसपास होते. अमेरिकेत हे निदान साधारणपणे पासष्टीच्या आसपास होते. भारतीय रुग्णांत गुदाशयातील गाठींचा वाटा मोठा आहे आणि ‘सिग्नेट रिंग’ या आक्रमक पेशीरचनेचे प्रमाणही पाश्चात्त्य नोंदींपेक्षा लक्षणीयरीत्या जास्त. या तिन्ही गोष्टींचा प्रतिकारपेशींशी संबंध आहे. उदाहरणार्थ, पाश्चात्त्य देशांत दुरुस्ती बंद पडण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे उतारवयात एमएलएच१ हे जनुक रासायनिक रीतीने झाकले जाणे. पंचेचाळिशीतल्या रुग्णात हे कारण कमी संभवते. तेथे आनुवंशिक दोषाचा, म्हणजे लिंच सिंड्रोमचा, संशय बळावतो. म्हणजे त्या एका तपासणीवर रुग्णाचाच नव्हे, तर त्याच्या भावंडांचा आणि मुलांचाही प्रश्न अवलंबून असतो. लिंच सिंड्रोम कळला तर त्यांना वेळेवर कोलोनोस्कोपी करून गाठ होण्याआधीच तिची बीजे काढून टाकता येतात.

भारतीय कर्करोग भारतातच मोजला पाहिजे, ही कल्पना नवी नाही आणि ती आयातही नाही. वसंत रामजी खानोलकर यांनी सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी मुंबईत बसून नेमके हेच केले. भारतातील निरनिराळ्या समाजांच्या सवयी आणि त्यांना होणाऱ्या कर्करोगांची शरीरातील ठिकाणे यांचा संबंध त्यांनी मांडला. त्यांनी परदेशी तक्ते उतरवून घेतले असते, तर तंबाखूची गोळी गालात ठेवणाऱ्या माणसाच्या गालातली गाठ कोणत्याच तक्त्यात सापडली नसती. भारतीय विकृतिशास्त्राचे जनक म्हणून त्यांच्या तसबिरीला हार घालणाऱ्यांनी त्यांची पद्धतही आठवावी.

चंदीगड हे शहर या दृष्टीने लक्षवेधी आहे. १९६२ मध्ये स्थापन झालेली पीजीआय ही संस्था पंजाब, हरियाणा, हिमाचल प्रदेश आणि जम्मू-काश्मीरमधील रुग्णांचा शेवटचा आधार आहे. शहराच्या वेशीवर, मुल्लांपूर येथे, टाटा मेमोरियलचेच अपत्य असलेले ३०० खाटांचे होमी भाभा कर्करोग रुग्णालय २४ ऑगस्ट २०२२ रोजी सुरू झाले, म्हणजे त्या ‘चमत्कारा’च्या बातमीनंतर अडीच महिन्यांनी. सेक्टर ३९ मध्ये सीएसआयआरची सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्था, म्हणजे इमटेक, आहे. मोहालीत आयसर आहे, शहरातच पंजाब विद्यापीठ. चंदीगड, मोहाली, संगरूर आणि मानसा येथील लोकसंख्याधिष्ठित कर्करोग नोंदणी टाटा मेमोरियल आणि पीजीआय यांनी मिळून २०१३ मध्ये उभी केली. ज्या माळवा भागातून बिकानेरकडे जाणाऱ्या गाडीला लोकांनी ‘कॅन्सर ट्रेन’ हे नाव दिले, त्या भागासाठी छेद मोजण्याचे हे पहिले गंभीर पाऊल होते.

एवढेच नव्हे, तर या विषयाचा एक पाया याच शहरात घातला गेला आहे. प्रथिनाचा कोणता तुकडा कोणत्या एचएलए रेणूत बसेल याचे भाकीत करणारी ‘प्रोप्रेड’ ही संगणकप्रणाली हरप्रीत सिंग आणि जी. पी. एस. राघव यांनी इमटेकमध्ये तयार करून २००१ मध्ये जगाला मुक्तपणे उपलब्ध करून दिली. गाठीतले कोणते उत्परिवर्तन टी-पेशींना दिसेल, हा आजचा कळीचा प्रश्न त्याच जातीच्या गणितावर उभा आहे. म्हणजे चंदीगडकडे रुग्ण आहेत, शल्यविशारद आहेत, नोंदणी आहे, गणित आहे. मग या प्रदेशातील आतड्याच्या गाठींत प्रतिकारपेशींची रचना कशी आहे, याचा शेकडो रुग्णांवर आधारलेला, सर्वांना खुला नकाशा या शहराच्या नावावर जगभर ओळखला जायला काय हरकत आहे?

‘पैसा नाही, यंत्रे नाहीत’ हे ठरलेले उत्तर येथे चालत नाही. प्रत्येक मोठ्या रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी विभागात शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठींचे तुकडे पॅराफिनच्या ठोकळ्यांत जतन केलेले असतात. त्या ठोकळ्यांतून काढलेल्या पातळ कापांवर सीडी३ आणि सीडी८ या दोन चिन्हांसाठी रंग चढवायचा, गाठीच्या गाभ्यात आणि काठावर त्या पेशी मोजायच्या: यालाच ‘इम्युनोस्कोर’ म्हणतात. पॅरिसच्या जेरोम गॅलाँ आणि फ्रांक पाजेस यांनी ही पद्धत १३ देशांतील १४ केंद्रांत पडताळून २०१८ मध्ये लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध केली. २६८१ रुग्णांच्या या अभ्यासात, रोग उलटण्याचा धोका सांगण्यात या मोजणीचा वाटा रूढ टीएनएम श्रेणीपेक्षाही मोठा ठरला. इम्युनोस्कोर हा इम्युनोथेरपीच्या प्रतिसादाचा थेट मापक नाही, हे खरे. पण तो नकाशाची पहिली रेघ आहे. आणि त्या १३ देशांत भारत होता. अहमदाबादच्या गुजरात कर्करोग संशोधन संस्थेने त्यात भाग घेतला होता. जे अहमदाबादला जमले ते चंदीगड, मुंबई, पुणे आणि नागपूरला न जमण्याचे कारण निधी हे नसून निर्धाराचा अभाव हे आहे.

विरोधी बाजूचा सर्वांत वजनदार आक्षेप मात्र वेगळा आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. तो असा: ज्या देशात बहुसंख्य रुग्णांना ही औषधे परवडतच नाहीत, तेथे पेशी मोजण्याची चैन कशाला? आधी औषध स्वस्त करा.

हा आक्षेप क्रम उलटा लावतो. मोजणी हीच गरिबाची पहिली गरज आहे. श्रीमंत रुग्ण लाखो रुपयांचे औषध ‘बघू या’ म्हणून घेऊ शकतो. शेत विकून आलेल्या कुटुंबाला ‘बघू या’ परवडत नाही. ज्याला औषध लागू पडणार नाही त्याला ते न सुचवणे, हाही उपचारच आहे. आणि योग्य गटातही हमी नसते. २०२० च्या कीनोट-१७७ चाचणीत दुरुस्ती बंद असलेल्या, रोग पसरलेल्या ३०७ रुग्णांपैकी निम्म्यांना पेम्ब्रोलिझुमॅब आणि निम्म्यांना केमोथेरपी मिळाली. रोग पुन्हा वाढू लागेपर्यंतचा मध्यक काळ १६.५ महिने विरुद्ध ८.२ महिने, म्हणजे औषध स्पष्टपणे सरस. पण त्याच चाचणीत पेम्ब्रोलिझुमॅब घेणाऱ्या २९ टक्के रुग्णांचा रोग सुरुवातीपासूनच वाढत गेला. केमोथेरपीच्या गटात हे प्रमाण १२ टक्के होते. हे २९ टक्के आधी ओळखायचे कसे? उत्तर पुन्हा गाठीतल्या पेशींतच शोधावे लागेल.

स्वतःचा प्रश्न स्वतः विचारला की किमतीचेही उत्तर सापडू शकते, हे टाटा मेमोरियलनेच सिद्ध केले आहे. विजय पाटील, कुमार प्रभाष आणि सहकाऱ्यांनी डोके-मानेच्या कर्करोगात निवोलुमॅबची केवळ २० मिलिग्रॅम मात्रा, म्हणजे रूढ मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहून कमी, तीन आठवड्यांतून एकदा, स्वस्त गोळ्यांच्या उपचारासोबत दिली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालांनुसार एक वर्षाने हयात असलेल्यांचे प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. हा प्रश्न कोणत्याही बड्या औषधकंपनीने विचारला नसता. आतड्याच्या कर्करोगासाठी असा प्रश्न विचारायचा तर आधी कोणाला विचारायचा हे ठरवावे लागेल, आणि त्यासाठीही छेद हवा.

दुसरा आक्षेप प्राधान्याचा आहे: स्तन, मुख आणि गर्भाशयमुखाचे कर्करोग भारतात कितीतरी अधिक, आतड्याच्या कर्करोगावर शक्ती का खर्चावी? तुलना खरी आहे. म्हणूनच मागणी छोटी आणि नेमकी असायला हवी. ती तीन कलमांत मांडता येते.

पहिले: आतड्याच्या व गुदाशयाच्या प्रत्येक गाठीची, रुग्णाने न मागता आणि खिशात हात न घालता, त्या चार दुरुस्ती-प्रथिनांसाठी तपासणी व्हावी, आणि ती उपचार सुरू होण्यापूर्वीच्या बायोप्सीवर व्हावी. तपासणीचा खर्च काही हजारांत आहे. एका मात्रेच्या किमतीपुढे तो नगण्य ठरतो. इंग्लंडच्या नाइस या संस्थेने आतड्याच्या कर्करोगाच्या सर्व रुग्णांसाठी अशी तपासणी २०१७ मध्येच सुचवली. तपासणी न झालेल्या पस्तिशीच्या रुग्णाचे गुदाशय काढले जाते, पोटावर कायमची पिशवी येते, रेडिएशनने अपत्याची शक्यता मावळते. त्या रुग्णाची गाठ कदाचित त्या ‘बारा जणां’सारखी असते, पण हे कोणालाच कळत नाही. ज्याची नोंदच झाली नाही, ते नुकसान कोणत्याही अहवालात दिसत नाही.

दुसरे: हा निकाल कर्करोग नोंदणीत स्वतंत्र रकाना म्हणून यावा. वय, लिंग, गाठीचे ठिकाण आणि पेशीरचना यांच्या शेजारी एक रकाना वाढल्याने नोंदणी कोलमडत नाही. उलट पाच वर्षांत देशाला आपला छेद कळतो.

तिसरे: सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या रुग्णालयांनी पॅराफिन ठोकळ्यांवरील सीडी३-सीडी८ मोजणी, रुग्णाची ओळख काढून टाकून, विद्यापीठांना खुली करावी. त्या प्रतिमांवर काम करायला फक्त डॉक्टर लागत नाहीत. भौतिकशास्त्र, सांख्यिकी आणि संगणकशास्त्राचे विद्यार्थी लागतात. बिंदूंच्या विखुरणीत पुंजके आहेत की यदृच्छा, कुंपणाच्या आत किती आणि बाहेर किती, हे प्रश्न त्यांच्या अभ्यासक्रमातलेच आहेत. दूरवरच्या दीर्घिकांची गर्दी मोजण्यासाठी जे सहसंबंध-फलन वापरले जाते, तेच टी-पेशींच्या गर्दीलाही लागू पडते. पदव्युत्तर प्रबंधासाठी परदेशी विदासंच पुन्हा-पुन्हा चघळण्यापेक्षा संगरूरच्या किंवा सांगलीच्या रुग्णाच्या गाठीतले शंभर चौरस मिलिमीटर मोजणे अधिक मोलाचे आहे.

विज्ञानवार्ता लिहिणाऱ्यांकडून अपेक्षा याहूनही साधी आहे. अशी बातमी देताना चार गोष्टी पहिल्या दोन परिच्छेदांत याव्यात: किती जणांवर प्रयोग झाला, ते कोणत्या गटातून निवडले, तो गट एकूण रुग्णांत किती टक्के, आणि प्रयोग माणसांवर झाला की उंदरांवर. चार वाक्ये पुरतात. त्यांनी बातमीची वाचकसंख्या थोडी घटेल. पण खोट्या आशेने दारोदार फिरणाऱ्या कुटुंबांची संख्याही घटेल.

भारतात आतड्याच्या कर्करोगाचे नवे रुग्ण दरवर्षी साठ-सत्तर हजारांच्या घरात आहेत. त्यांतील कितीजणांच्या गाठीत दुरुस्ती बंद आहे, कितीजणांच्या गाठीत टी-पेशी काठावर ताटकळत आहेत आणि कितीजणांच्या यकृतात त्या मारल्या जात आहेत, हे सांगू शकणारे काचपट्ट्यांवरचे पुरावे देशातल्या कपाटांत पडून आहेत. परदेशातून औषध येईल, स्वस्तही होईल, पेटंटची मुदतही संपेल. पण ते कोणाच्या शिरेत सोडायचे हे ठरवणारा कागद इथेच लिहावा लागणार आहे. तो लिहिण्यासाठी आणखी एका परदेशी चमत्काराची वाट पाहणे, हा निष्काळजीपणा आहे.